मामांची चौथी बाजू

रेकॉर्डची एक बाजू दुसरी वाजवायची की शेवटी, एवढ्याशा गोष्टीवरून माणूस ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वॉर्डातून उठून निघून येईल, हे मला कुठे माहीत होतं? आणि माहीत असतं तरी मी तेच केलं असतं, कारण त्या दिवसांत मी फार हुशार होतो. जुन्या कॅसेटी आणि रेकॉर्डी मोबाइलमध्ये उतरवून देणाऱ्या दुकानात मी नुकताच लागलो होतो आणि मला आवाजातलं सगळं कळतं, अशी माझी पक्की समजूत झाली होती. आमच्या शाळेत संगीताचा तास म्हणजे बाकं बडवायचा तास. त्या पायावर ही इमारत उभी होती.

दुकानात लोक लग्नाच्या कॅसेटी आणतात, गेलेल्या वडिलांचे आवाज आणतात. माझ्या मामांनी रशियन सिंफनी आणली. दोन तबकड्या, चार बाजू, प्रत्येक बाजूला एकेक भाग.

मामा कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर तोंडाचा साचा घेतात आणि मामांकडे पाठवून देतात. मामा त्यात प्लास्टर ओततात, गुलाबी मेणात दात रोवतात, मग सगळं उकळत्या पाण्यात धरून मेण काढून टाकतात आणि त्या जागी पक्कं प्लास्टिक भरतात. त्यांच्या कारखान्यात भिंतभर फळ्यांवर लोकांचे जबडे आ वासून बसलेले. कोणी वारलं तरी मामा साचा फेकत नाहीत. "माणूस गेला," म्हणतात, "चावा आहे अजून माझ्याकडे." कवळी न्यायला आलेल्या म्हातारीला सगळ्यांदेखत म्हणतात, "दात नवे आहेत, आजी. जीभ मात्र जुनीच बसवलीय, सुनेवर जपून वापरा." म्हातारी हसते, आणि मामा लगेच आत वाकून बघतात, हसताना कवळी सुटते का. त्यांना माणसाचं हसणं तेवढ्यापुरतंच हवं असतं.

त्या तबकड्या त्यांना एका बंद पडलेल्या वाचनालयाच्या कचऱ्यात सापडल्या होत्या. खोका भिजलेला, वरची अक्षरं रशियन, बुरशी अशी की हात लावायची किळस यावी. मामी तेव्हा होत्या. त्यांनी जेवणाची ताटं घासावी तशा त्या साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवल्या. तबकड्या लख्ख झाल्या आणि मधली गोल लेबलं सुटून पाण्यावर तरंगायला लागली. आता कुठली बाजू कितवी? मामांनी कान लावला. एक बाजू विहिरीच्या तळातून कोणी कण्हावं तशी सुरू होत होती. तिच्यावर त्यांनी चिकटपट्टी लावून १ लिहिला, तिच्या पाठीवर २. दुसऱ्या तबकडीवर ३ आणि ४. तुम्हीही असंच केलं असतं. पान उलटल्यावर पुढचंच पान येतं, नाही का?

मग वर्षानुवर्षं कारखान्यात त्याच क्रमाने ती सिंफनी वाजत राहिली. मामांना त्यातलं एक वाद्य नावानिशी ओळखता येत नव्हतं, पण अर्थ मात्र तोंडपाठ. "पहिली बाजू, भांडण. नशिबाशी. दुसरी बाजू, रडणं. पोटभर रडून घेतो तो. तिसऱ्या बाजूला उठतो. नाचतो, पण लंगडत. ऐक, दोन आणि तीन, दोन आणि तीन, एक पाय आखूड असल्यासारखा. आणि चौथी बाजू!" इथे मामा हातातली कानस उंचावायचे. चौथ्या बाजूला पितळी वाद्यं आणि ढोल मिळून असा काही धुमाकूळ घालायचे की फळ्यांवरचे जबडे खरोखर खडखडायचे. "जिंकला! रडणं संपून जिंकला!"

दुसऱ्या बाजूला, रडणं अगदी हळू होत होत विझतं तिथे, जिथे हे रेकॉर्डिंग झालं त्या सभागृहातला कोणीतरी खोकलाय. आणि मग बराच वेळ नुसती शांतता. मामा त्या खोकणाऱ्याला हसायचे आणि म्हणायचे, "वादक दम खातायत. पुढे नाचायचंय ना."

हे सगळं प्रवचन सर्वांत जास्त ऐकलं ते दादाने, म्हणजे मामांच्या मुलाने. दादा बापाशेजारीच उंच स्टुलावर बसून कवळ्यांना पॉलिश करतो. मोटारसायकलवरून पडला तेव्हा त्याच्या पायाचे तुकडे झाले. दोन ऑपरेशनं झाली आणि हाड वाकडंच जुळलं. मामांनी त्याला एकदाही रडू दिलं नाही. तो कुबडी घेऊन दारात आला की हे तिसरी बाजू लावायचे आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे, "या, नाचत या! रडायची बाजू केव्हाच उलटली आपली." गिऱ्हाइकं हसायची. मीही हसायचो, खोटं कशाला बोलू. दादा कुबडी भिंतीला टेकवायचा, स्टुलावर चढायचा आणि कोणाचे तरी दात इतके घासायचा की ते पारदर्शक व्हावेत.

डॉक्टर म्हणाले, हाड पुन्हा मोडून सरळ बसवावं लागेल. जमलं तर कुबडी सुटेल. दादा नाही म्हणाला. मोडलेलं हाड पुन्हा मोडून घ्यायची त्याची हिंमत होत नव्हती. मामा दिवसभर एकच म्हणत राहिले, "अरे, तिसऱ्या बाजूवर कोणी प्लेअर बंद करतं का?" शेवटी दादा एक दिवस पॉलिशचं चाक थांबवून म्हणाला, "ठीक आहे. करतो. पण मला ते दवाखान्यात ऐकायला पाहिजे. चारही बाजू."

म्हणून तबकड्या माझ्याकडे आल्या. मजुरी मामांनी आगाऊ चुकवली. माझा समोरचा दात शाळेत असताना बाकावर आपटून अर्धा तुटला होता. तो त्यांनी नवा करून दिला, रंगासकट. "आता तरी तोंड उघडून बोलशील," म्हणाले. "बोलण्यासारखं काही असलं तर."

होतं की! तबकडीवर जिथे रेघा संपतात तिथल्या काळ्या पट्टीत बारीक आकडे कोरलेले असतात, हे मी आदल्याच आठवड्यात शिकलो होतो. भिंग लावून पाहिलं तर मामांच्या पहिल्या तबकडीच्या एका बाजूला १, पाठीवर ४. दुसरीवर २ आणि ३. दुकानाच्या मालकांना विचारलं. ते म्हणाले, "पूर्वी अशी मशिनं होती, एकावर एक रेकॉर्डी आपोआप पडायच्या. सगळ्यांची वरची बाजू वाजली की गठ्ठा उलटा करायचा. म्हणून आकडे असे. यात कसलं संशोधन?"

पण मी संशोधक झालो होतो. कोणालाही न विचारता मी सिंफनी सरळ केली. आधी भांडण, मग लंगडा नाच, मग जिंकणं, आणि शेवटी रडणं. खोकल्याचा आवाजसुद्धा पुसून टाकला. ती फाइल दादाच्या मोबाइलमध्ये भरली आणि क्रम सुधारल्याचं सांगायला विसरलो.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी दादाचा वॉर्डातून फोन आला.

"अरे, विजय झाला."

"झाला ना? मस्त!"

"आणि मग रडणं आलं. आता शांतता आहे. पुढचं कुठाय?"

"पुढे काही नाही. संपलं." आणि मग मी माझं संशोधन सांगितलं. भिंग, आकडे, मशिनं, सगळं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, कौतुकाने.

तासाभरात तो कारखान्याच्या दारात उभा होता, हातावर दवाखान्याचा पट्टा तसाच. मी आधीच येऊन पोहोचलो होतो, तबकड्या परत द्यायला. मामा मेण काढायला पाणी उकळवत होते.

"हे काय? ऑपरेशन?"

"बाबा, तो शेवटी रडतो."

"कोण?"

"तुमचा रशियन. आधी लंगडतो, मग जिंकल्यासारखं करतो आणि मग रडत रडत मरतो. विचारा तुमच्या भाच्याला."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिशातून भिंग काढलं. हो, मी भिंगही बरोबर आणलं होतं. मामांनी ते डोळ्याला लावलं, तबकडी उजेडात तिरकी धरली. ज्या डोळ्याने ते दातातला केसाएवढा फरक धरतात, त्या डोळ्याला आकडे दिसायला कितीसा वेळ लागणार?

"आकड्याने काय होतं?" ते म्हणाले. "क्रम बदलला म्हणून तुझं हाड सरळ झालं का? भित्रा आहेस तू. निमित्त पाहिजे होतं, ते मिळालं."

"भित्राच आहे मी. तुमच्या ढोलांच्या जोरावर जाणार होतो. ढोल तर मधेच वाजून गेले."

"जा परत. गाडी मी बोलावतो."

"आणि तो खोकणारा, बाबा. तुम्ही त्याला इतकी वर्षं हसलात. तो मेलेल्या माणसापाशी बसून खोकत होता."

दादाने त्यांच्या हातातून तबकडी घेतली, माझ्या पिशवीतून दुसरी घेतली आणि दोन्ही उकळत्या पाण्यात सोडल्या, जिथे रोज मेण वितळतं तिथे. मामा हात घालायला धावले आणि बोटं भाजून मागे सरले. तबकड्या आधी मऊ झाल्या, मग त्यांच्या कडा हळूहळू वर आल्या. चिमट्याने बाहेर काढल्या तेव्हा त्यांच्या वाट्या झाल्या होत्या. एका वाटीत दादा आता पॉलिशची पावडर ठेवतो. दुसरी मामांच्या टेबलावर आहे, रिकामी.

ऑपरेशन झालं नाही. डॉक्टर म्हणाले, आता वय वाढेल तसं अवघड. दादा कुबडीवर आहे. गंमत अशी की पुढे मामांचा गुडघा धरला आणि तेही पाय ओढायला लागले. फळीवरचा साचा काढायला ते उठले की दादा मान वर न करता तोंडाने सुरू करतो, दोन आणि तीन, दोन आणि तीन. गिऱ्हाइकं हसतात. मामा साचा घेऊन परत जागेवर येईपर्यंत तो थांबत नाही.

मागे एकदा मामा माझ्या दुकानाच्या पायरीपर्यंत लंगडत आले. आत आले नाहीत. "तुझ्या मशीनमध्ये ते आहे ना अजून?"

"आहे. खोकला काढायच्या आधीचंही."

"माझ्या क्रमाने लावून दे. एक, मग रडणं, मग नाच, मग ढोल. आणि तो खोकला परत घाल."

"देतो की, मामा. उद्याच."

"त्याला सांगू नकोस."

दादाला कळलंच. तो म्हणाला, "दे लावून, दे. मग तुझा तो नवा दात मी उपटतो."

काम म्हटलं तर चहा निवायच्या आत होणारं. पण दुकानात लग्नाच्या कॅसेटी येत राहतात आणि ते राहून जातं. मामा भेटले की काही विचारत नाहीत. मी बोलत असताना नुसतं माझ्या तोंडात बघतात. मग अंगठ्याने माझा वरचा ओठ उचलतात, समोरचा दात हलवून पाहतात आणि म्हणतात, "पक्का बसलाय."