पंखांवरचे लाल गोल

वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतल्या आमच्या घरात मे महिन्यात एकच खोली वापरात असते. कुलर त्या खोलीच्या खिडकीत आहे. बाकीच्या खिडक्या ऊन चढायच्या आत बंद होतात आणि पडदे ओढले जातात, ते संध्याकाळपर्यंत तसेच राहतात. गेल्या उन्हाळ्यात त्या खोलीत दोन माणसं आणि एक लढाऊ विमान होतं. विमान प्लॅस्टिकचं, हरिकेन जातीचं, खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढं. पंखांची लांबी या टोकापासून त्या टोकापर्यंत वीतभराहून थोडी जास्त. दुसऱ्या महायुद्धात भारतीय वैमानिकांनी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हरिकेन चालवली. त्यांतलं एक हुबेहूब करायचं, असं माझ्या नवऱ्याने ठरवलं होतं.

ते देवळीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. अशी विमानं ते तेव्हापासून करत आले. बाहेरच्या खोलीतलं शोकेस त्यांनी भरलेलं आहे. निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांना कंपवात झाला. आधी अक्षर बारीक होत गेलं, मग उजवा हात थरथरू लागला. मी नागपूरच्या एका वर्तमानपत्रात उपसंपादक होते आणि वर्ध्याहून रोज रेल्वेने ये-जा करत होते. त्यांना शर्टाची बटणं लावता येईनात तेव्हा मी राजीनामा दिला. त्यानंतर माझं बाहेर पडणं भाजी, औषधं आणि दवाखाना एवढ्यापुरतं उरलं. त्यांचं फक्त दवाखान्यापुरतं.

गोळी घेतल्यावर थोड्या वेळाने त्यांचा हात स्थिर होतो. ते काही काळ टिकतं आणि मग ओसरतं. दिवसभरातल्या गोळ्यांपैकी सकाळच्या गोळीचा गुण सगळ्यात चांगला, त्यामुळे विमानाचं काम सकाळी चाले. कापणं, घासणं, जोडणं आणि रंगवणं मी करत असे. ते खुर्चीत बसून सांगत. विमानाची वरची बाजू हिरव्या आणि मातकट पट्ट्यांची होती. बाटलीतला हिरवा त्यांना पसंत पडला नाही. मी रंग मिसळून पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लावायचा आणि पडद्याच्या फटीतून येणाऱ्या उजेडात धरायचा, असं बरेच दिवस चाललं. हिरवा फार ताजा आहे, ऊन-पाऊस खाल्लेला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मातकट रंगात कधी पिवळा कमी, कधी काळा जास्त. कुलर चालू असला की हवा दमट होई आणि रंग वाळत नसे. बंद केला की ब्रशच्या टोकावरच सुकून जाई. मधला मार्ग असा निघाला की रंगाचा एक हात देऊन होईपर्यंत कुलर बंद ठेवायचा आणि मग लगेच चालू करायचा.

सुरुवातीलाच त्यांनी मला तपासणीचं काम दिलं होतं. "चूक दिसली तं सांगजो," ते म्हणाले होते. "माह्या तोंडाकडे पाहून गप नोको बसू."

त्याच सुमारास दवाखान्यातल्या तपासणीत डॉक्टरांनी त्यांना बाहेर बसवून मला थांबवून घेतलं. या आजारात काही जणांची स्मरणशक्तीही कमी होते, असं त्यांनी सांगितलं. रोजच्या विसराळूपणाची काळजी करू नका, पण ज्या गोष्टी त्यांना पक्क्या माहीत आहेत त्या सुटायला लागल्या तर मला कळवा, असंही ते म्हणाले. ही गोष्ट मी घरी बोलले नाही.

रंग झाल्यावर चिन्हं लावायची होती. ही चिन्हं पातळ कागदावर छापलेली असतात. पाण्यात भिजवली की वरचा पापुद्रा सुटतो, तो सरकवत जागेवर न्यायचा. पापुद्रा दुमडला की गेला. हे काम ते स्वतः करणार म्हणाले. मी कुलर बंद केला. त्यांनी मनगट टेबलाच्या कडेला टेकवलं आणि ओल्या ब्रशने पहिलं गोल चिन्ह डाव्या पंखावर सरकवलं. ते तिरपं गेलं. त्यांनी पाण्याचा थेंब सोडून ते पुन्हा सरळ केलं. मग उजव्या पंखावरचं. दोन्ही चिन्हं जागेवर बसली, निळ्या कड्यात लाल गोल. एकही सुरकुती नव्हती. कित्येक महिन्यांत त्यांच्या हाताने इतकं बारीक काम झालेलं नव्हतं. घामाने त्यांचा बनियन अंगाला चिकटला होता, तरी मी कुलर लावायला उठले तेव्हा त्यांनी थांबवलं आणि चिन्हं पूर्ण वाळू दिली.

त्या दिवशी माझे दीर देवळीहून आले होते. त्यांचं तिथे बी-बियाण्यांचं दुकान आहे. विमान त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन सगळ्या बाजूंनी पाहिलं.

"दादा, याच्यात पेट्रोल कुठून टाकाचं?"

"तुया खिशातून," हे म्हणाले.

"मंग नाई उडत हे."

दिरांनी फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. दुपारभर अभिनंदनाचे निरोप येत राहिले आणि यांनी ते मला मोठ्याने वाचायला लावले. पुण्याच्या भाचीने हात एकदम बरा झाला का, असं विचारलं. हो लिही, असं त्यांनी मला सांगितलं.

पान छापायला गेल्यावर फोटोओळी पुन्हा एकदा वाचायची सवय मला नोकरीत लागली होती. ते दुपारी झोपले तेव्हा मी मोबाइलवर ब्रह्मदेशातल्या हरिकेन विमानांची जुनी छायाचित्रं काढून पाहिली. पंखांवरच्या गोलांच्या मध्यभागी गडद रंग असायला हवा होता, तो दिसेना. मधला भाग फिका होता. कृष्णधवल छायाचित्रात लाल रंगाचा भरवसा धरता येत नाही, म्हणून मी लिखित माहिती शोधली. ती दोन ठिकाणी सारखीच मिळाली. जपानी विमानांवर लाल गोळा असे. आपल्या बाजूच्या तोफांनी गफलतीने आपलंच विमान पाडू नये, म्हणून त्या आघाडीवर चिन्हांतला लाल भाग काढून टाकला गेला होता. आमचा चिन्हांचा संच इंग्लंडमधल्या विमानाचा होता, त्यामुळे त्यात लाल चिन्हंच होती.

वाचताना लक्षात आलं की ही माहिती मला नवी नाही. बरीच वर्षं आधी याच टेबलाशी बसून, दुसरंच काही करत असताना, त्यांनीच मला ती सांगितली होती. जपान्यांची आघाडी म्हटली की लाल नाही, हे ते शाळेतल्या मुलांनाही सांगत.

म्हणजे चूक सांगायची तर एकाच वेळी दोन गोष्टी सांगाव्या लागणार होत्या: चिन्ह चुकलं, आणि पक्कं माहीत असलेलं सुटलं. न सांगितली तर त्यांनी दिलेलं तपासणीचं काम मी केलं नाही असं होणार होतं, आणि डॉक्टरांनी दिलेलंही. दोन दिवस मी काही बोलले नाही. त्या खोलीत न बोलणं अवघड असतं. दोन खुर्च्या, एक पलंग, मध्ये टेबल, टेबलावर विमान. ते दिवसातून अनेकदा खुर्ची पुढे ओढून पंखांकडे पाहत, आणि प्रत्येक वेळी मलाही पाहायला सांगत.

तिसऱ्या दिवशी सकाळी गोळी घेऊन झाल्यावर त्यांनी विमानाच्या अंगावरची गोल चिन्हं कापून द्यायला सांगितली. त्यांतही लाल होतं. मी कात्री खाली ठेवली.

"ब्रह्मदेशातल्या विमानायवर लाल राहत नव्हतं," मी म्हटलं.

त्यांनी खुर्ची पंखांजवळ ओढली.

"कोनं सांगितलं?"

"तुम्हीच. इथंच बसून."

मग त्यांनी वर्गात सांगावं तसं सांगितलं, "जपान्यायचा गोळा लाल. आपलेच लोक आपलं विमान पाडतीन म्हणून लाल काढलं. मले माहीत आहे हे."

"माहीत आहे तुम्हाले."

"मंग लावलं काऊन म्या?"

त्यांनी पुढे विचारलं की मागच्या खेपेला डॉक्टरने तुला आत ठेवून घेतलं होतं, ते कशासाठी. मी सांगितलं, डॉक्टरांच्या शब्दांत, काही न गाळता. त्यांनी मान हलवली. त्या सकाळी गोळीचा गुण येऊन गेला तरी काम झालं नाही. त्यांनी कुलरचा वेग वाढवायला सांगितला आणि भिंतीकडे तोंड करून ते पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पांढरा आणि फिका निळा रंग मागितला. चिन्हं खरवडून काढली असती तर खालचे हिरवे-मातकट पट्टे गेले असते. त्यांच्या मते युद्धात विमानतळावरही नवं चिन्ह कोणी काढत बसलं नसेल, लाल भागावर ब्रशने रंग मारला असेल. तसंच करायचं ठरलं. लालावर एकदम फिका निळा दिला तर खालून गुलाबी दिसतो, म्हणून आधी पांढरा. डाव्या पंखावर त्यांनी स्वतः हात दिला. पांढऱ्याचा पहिला हात बरा गेला. निळ्याच्या वेळी हात हलला आणि रंग कड्यावर गेला. मी कापसाची काडी पुढे केली.

"राहू दे," ते म्हणाले. "तिथं काय कोनी कंपास घेऊन बसलं नसन."

उजवा पंख सुरू करायच्या आत हात पुन्हा थरथरू लागला. त्यांनी ब्रश माझ्याकडे दिला. मी रंगवलेला गोल काठोकाठ बसला. त्यांनी दोन्ही पंख शेजारी पाहिले.

"तुयावाला छापखान्यातून आल्यासारखा दिसते," ते म्हणाले. "चूक आहे तो." पण तो त्यांनी बदलायला लावला नाही.

दिरांनी नंतर फोनवर विचारलं की लाल काऊन मिटवलं, चांगलं दिसत होतं. ग्रुपवर नवा फोटो टाकायला यांनीच लावलं होतं. "दुरुस्ती आहे," ते दिरांना म्हणाले. "आपल्या वहिनीले विचार. आयुष्यभर तेच छापलं तिनं."

पुढच्या तपासणीला रिक्षाने गेलो. डॉक्टरांनी कसं आहे विचारलं तेव्हा मी तोंड उघडायच्या आत यांनी स्वतः सांगायला सुरुवात केली. ब्रह्मदेश, जपानी गोळा, चिन्हांचा संच, डावा पंख, उजवा पंख. डॉक्टरांना विमानाचा उलगडा व्हायला वेळ लागला. ते मध्येच काही विचारू लागले, तेव्हा यांनी त्यांना थांबवून आघाडीचा मुद्दा पुन्हा सांगितला. शेवटी म्हणाले, हे मला पक्कं माहीत होतं आणि मी ते विसरलो. डॉक्टरांनी तीन शब्द लक्षात ठेवायला दिले आणि कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. घड्याळ बटणाएवढं आलं, पण काटे बरोबर होते. तीन शब्दांपैकी चष्मा आणि पेरू आठवले. तिसरा सायकल होता. एवढ्यावरून काही ठरवता येणार नाही, पुन्हा पाहू, असं डॉक्टर म्हणाले. रोज त्यांच्या आवडीच्या विषयावर थोडं बोलत जा, विचारत जा, हेही सांगितलं.

विमानाच्या अंगावरच्या चिन्हांतलं लालही तसंच झाकलं आणि हरिकेन पूर्ण झालं. ते आता शोकेसमध्ये आहे. सकाळची गोळी दिल्यावर हात स्थिर होईपर्यंत आम्ही बाहेरच्या खोलीत बसतो आणि मी प्रश्न विचारते. विमानं समोर असल्यामुळे प्रश्न तिथूनच निघतात. याची खालची बाजू कोणत्या रंगाची, त्या विमानात वैमानिक किती, हे कोणत्या आघाडीवरचं. उत्तर बरोबर आहे की नाही, हे मी नंतर स्वयंपाकघरात जाऊन मोबाइलवर पाहते. आपली परीक्षा चालू आहे हे त्यांना कळतं. उत्तर देताना ते विमानाकडे पाहत नाहीत, माझ्या चेहऱ्याकडे पाहतात. मी चेहऱ्यावर काही दिसू देत नाही.

गेल्या आठवड्यात मी विचारलं की यातलं सगळ्यात पहिलं केलेलं विमान कोणतं. ते शोकेसकडे वळले. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, खिडकी लाव, ऊन आत येऊन राह्यलं. मी खिडकी लावली. उत्तर त्यांना आठवत नव्हतं की द्यायचं नव्हतं, ते मला समजलं नाही. शोकेसच्या बाबतीत ताडून पाहायला दुसरी जागाही नाही. कोणतं विमान आधी केलं, ते फक्त त्यांनाच माहीत आहे. मी पुढचा प्रश्न विचारला.