चार अक्षरांचं नाव

आज आमच्या गावच्या विहिरीवर ते नाव घेऊन हाक मारली तर तीन पोरी वळून बघतात. मावळात ते मी आणलं. हे मी फुशारकीनेच सांगते, आणि का सांगू नये? नाव मात्र इथे लिहीत नाही. लिहिलं तर वाचणारे आपापल्या जिभेने त्याची वाट लावतील, आणि मी चुका सुधारायला जवळ नसेन.

तेव्हा मी लोणावळ्याला मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. घरात शिकलेली मी एकटीच. कामशेतजवळच्या आमच्या गावी थोरल्या भावाला मुलगी झाली. आधीची दोन मुलं पाळण्यातच गेलेली, म्हणून आईने ठरवून टाकलं होतं की हिला दगडाधोंड्याचं नाव द्यायचं, म्हणजे दृष्ट लागायची नाही. पण बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि आत्या मी.

एका जुन्या पोथीत मला ते भेटलं होतं. चार अक्षरं, त्यात एक जोडाक्षर, आणि पहिली दोन माझ्या वडिलांच्या नावाची. वडील जाऊन वर्षच झालं होतं. बाराव्या दिवशी पाळण्यात वाकून मी बाळाच्या कानात ते सांगितलं आणि बायकांनी रीतीप्रमाणे माझ्या पाठीत धपाटे घातले. आईचे जरा जास्तच जोरात बसले.

मग सगळ्यांच्या जिभा अडखळल्या. एकीने जोडाक्षर गिळलं, दुसरीने त्याचे दोन तुकडे केले, शेजारणीने तर मधे एक नवंच अक्षर घातलं. सुटीत गावी गेले की मी एकेकीला ओट्यावर बसवून म्हणवून घ्यायचे. हळूहळू जमलं. आईने ते घेतलंच नाही; ते मी तिच्या रुसव्यात मोजलं. राहिली एक वहिनी. पोरीची आई, आणि हाक मारायची ती नुसती "ए बाय", नाहीतर "ए सोने".

वर्षभराने एकदा मी चिडले. म्हटलं, "वैनी, सगळ्या गावाला आलं. तुमालाच का जमंना?"

पोरीच्या डोक्याला तेल लावता लावता ती खाली बघूनच म्हणाली, "मामंजींचं नाव हाय त्यात, वन्सं. मी कशी घेऊ?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुनेने सासऱ्याचं, बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, हे काय मला ठाऊक नव्हतं? दिवसभर जिने हाक मारायची, तिचंच तोंड मी बांधून ठेवलं होतं. "बदलूया का?" मी विचारलं.

"न्हाई. लय ग्वाड हाय. तुमी हाका मारा, मी ऐकते."

पोर दोन वर्षांची झाली आणि तापाने फणफणली. आठ दिवस ताप हटेना. आई म्हणाली, "नाव जड झालंय पोरीला. आता तरी बदला. आदी दोन गेली तेवढी बास." शेवटी कामशेतहून आगगाडीने तिला लोणावळ्याच्या दवाखान्यात आणलं. मी शाळेतून धावत गेले. कंपाउंडरने वही उघडून मुलीचं नाव विचारलं, आणि आईने ते दगडाचं नाव सांगितलं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. पोरीचं काही बरंवाईट झालं असतं तर माझ्या हट्टाचं मी काय करणार होते?

तेवढ्यात वहिनी बोलली. पदर सावरून, सासूच्या देखत, तिने ते नाव घेतलं. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. कंपाउंडरला काही ते नीट कळलं नाही. तिने पुन्हा सांगितलं, आणखी सावकाश, त्याचं लिहून होईपर्यंत.

आई तिच्याकडे बघत राहिली. मग कंपाउंडरला म्हणाली, "ती म्हणतीया तेच लिवा."

चौथ्या दिवशी ताप उतरला. उतरला तो औषधाने, पण आई गावभर सांगत सुटली की नावाने पोर तारली. पुढे दोन घरांतल्या सुनांना आपल्या मुलींसाठी तेच नाव हवं झालं. मास्तरीण म्हणून उच्चार शिकायला त्या माझ्याकडे आल्या. मी त्यांना वहिनीकडे पाठवलं.