ठसक्याचा अर्ज

त्या अर्जातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे. ‘आमच्या कामात जो ठसका लागतो तो मिरचीचा असतो, आजाराचा नव्हे, तरी ठसक्यावरून आम्हांस आजारी समजून पथाऱ्या बंद करू नयेत.’ वाक्य माझं आहे. दोनदा खोडून तिसऱ्यांदा ते मनासारखं उतरलं, तेव्हा मला बरं वाटलं होतं, हेही आठवतं.

माझी आई नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर कामाला जायची. शहराबाहेरच्या मोकळ्या रानात ओली लाल मिरची वाळत घालतात, त्या जागेला आमच्याकडे पथारी म्हणतात. दिवाळीच्या आसपास हंगाम सुरू होतो आणि उन्हाळा तापेपर्यंत चालतो. व्यापारी माल आणून टाकतात. बाया तो पसरतात, उलथतात, पांढरी पडलेली मिरची वेगळी काढतात, देठ खुडतात. रस्त्यावरून जाणारे लोक कौतुकाने गाडी थांबवतात, फोटो काढतात आणि दोन मिनिटांत खोकत गाडीत जाऊन बसतात.

नव्याने कामाला आलेल्या बाईचा पहिला आठवडा रडण्यात जायचा. नाक वाहायचं, डोळे सुजायचे, ठसका थांबायचा नाही. जुन्या बाया हसायच्या. “मिरची सासू शे,” आई त्या नवीला सांगायची, “पहिला महिना जाच करस. मंग घरमा लेस.” आईला मिरचीने घरात घेऊन सत्तावीस वर्षं झाली होती. तोंडाला जुन्या साडीचा तुकडा बांधून ती दिवसभर त्या धुळीत बसायची आणि तिला साधी शिंक यायची नाही. मी कधी डबा द्यायला गेले तर पदराने डोळे टिपत परतायचे. शिकलेल्या मुलीला मिरची ओळख देत नाही, असं ती सोबतिणींना सांगायची. तक्रार म्हणून नाही. त्यात तिला थोडा अभिमान होता.

तिच्या मजुरीवर मी शिकले आणि शहरातल्या एका वाचनालयात ग्रंथपाल झाले. वडील मी लहान असतानाच गेले होते. घरात आम्ही दोघीच.

पहिल्या टाळेबंदीनंतर हळूहळू सगळं उघडलं. आधी किराणा, मग कापडाची दुकानं, मग बाजार, शेवटी आमचं वाचनालयही. वर्तमानपत्रांच्या लांब टेबलाभोवतीच्या खुर्च्या मी एक सोडून एक अशा मांडल्या. पण वाचणारे लोक बोलण्यासाठी येतात आणि बोलायला खुर्ची जवळ लागते. तासाभरात खुर्च्या पुन्हा शेजारी शेजारी यायच्या. त्या हिवाळ्यात दिवस बरे गेले. होळीच्या आधी मात्र रोजच्या पेपरात जिल्ह्याचा आकडा चढायला लागला आणि टेबलावरचा वाद पेटला.

“दुकानं उघडली तेव्हाच मी म्हटलं होतं,” एक निवृत्त कारकून रोज म्हणायचे. “आता भोगा.”

“दुकानांनी नाही वाढलं,” समोरचे कापडवाले म्हणायचे. “तुमच्या पुतण्याच्या लग्नानं वाढलं.”

“तुम्ही आला होतात की लग्नाला.”

“म्हणूनच सांगतो. जेवताना मास्क कोणाच्या तोंडावर होता? तुमच्या तर खिशातही नव्हता.”

एके दिवशी दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं. बंद करायचंच असेल तर आधी पथाऱ्या बंद करा. एवढ्या बाया एका जागी बसतात, दिवसभर खोकतात, संध्याकाळी गावभर पसरतात. मी पलीकडे उभी राहून पेपरांवर शिक्का मारत होते. त्या बायांत माझी आई आहे, हे मी सांगितलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

बोलणं टेबलावरच राहिलं नाही. खांडबाऱ्याकडच्या काही बाया हंगामात कामाला येत. पॅसेंजर बंद होती, म्हणून त्या काळीपिवळी जीपमध्ये दाटीवाटीने येत. त्यांतल्या एकीला खोकला आला म्हणून चालकाने वाटेतच उतरवलं. आमच्या गल्लीतल्या नळावर लोक पथारीवाल्या बायांना मागे उभं राहायला सांगू लागले. मग कळलं की शहरात एक बैठक आहे, व्यापारी, अधिकारी आणि गावातली काही जुनी मंडळी बसणार आहेत आणि पथाऱ्यांचाही विषय निघणार आहे.

त्या संध्याकाळी सात-आठ बाया आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. पुढे आमच्या शेजारची मावशी होती. आई आणि ती एकाच पथारीवर शेजारी बसायच्या.

“ताई, तू शिकेल शे,” मावशी म्हणाली. “एक अर्ज लिखी दे. आमना ठसका मिरचीना शे म्हन. आमी आजारी नही.”

“आन् मास्कनं बी लिख,” दुसरी म्हणाली. “लोकेसनी आते तोंड बांधं. आमनं तं चाळीस वरीसपाईन बांधेल शे.”

सगळ्या हसल्या. आई हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती.

“तुले काय वाटस?” तिने विचारलं. “तू रोज पेपर वाचस. बंद पायजे का चालू?”

मला काय वाटत होतं ते मला स्पष्ट माहीत होतं. आकडे मी रोज वाचत होते. महिनाभर तरी पथाऱ्या बंद ठेवाव्यात, असं मला वाटत होतं. पण समोर सात-आठ बाया होत्या. गेल्या वर्षीची टाळेबंदी त्यांनी कशी काढली, ते मी पाहिलं होतं. त्यांच्यासमोर पगारी माणसाने काय म्हणायचं? मी म्हणाले, “तुम्ही सांगाल तसं लिहिते.”

अर्ज पुरा झाल्यावर पहिली सही आईने केली. सही मीच तिला शिकवली होती. शेवटचं अक्षर ती नेहमी ओळीच्या खाली नेत असे.

बैठकीत अर्ज वाचून दाखवला गेला. पथाऱ्या नियम घालून चालू ठेवायच्या असं ठरलं. एकमेकींपासून अंतर ठेवून बसायचं, तोंड बांधायचं, जेवायला वेगवेगळं बसायचं. मावशी दुसऱ्या दिवशी मुद्दाम वाचनालयाच्या दारापर्यंत आली आणि बाहेरूनच म्हणाली, “तुन्ही ठसकानी गोट पटनी त्यास्ले.” मी हसले. कापडवाले मान वळवून बघत होते.

नंतर दहा-बारा दिवसांनी आईला ठसका लागला.

रात्री जेवताना लागला, सकाळी चूल पेटवताना लागला. मी विचारलं. ती म्हणाली, “नवा माल उना शे. भलता तिखा.” मीही तेच म्हणाले. मिरची या वर्षी तिखट असेल. दुसऱ्या दिवशी तिने भाकरी अर्धी ठेवली. मला तिचं अंग कोमट लागलं; उन्हात बसते म्हणून असेल, असं वाटलं. ती कामाला गेली. मी वाचनालयात गेले, पेपर लावले. त्यातल्या एकात लक्षणांची चौकट होती. महिनाभर रोज तीच चौकट छापून येत होती. खोकला, ताप, अन्नाची चव जाणं. मी त्या पेपरची घडी नीट करून तो दांडीला अडकवला.

मला एकच गोष्ट आठवायला हवी होती. सत्तावीस वर्षांत मिरचीने माझ्या आईला एकदाही ठसका लावला नव्हता. हे मला ठाऊक होतं, मावशीला ठाऊक होतं, पथारीवरच्या प्रत्येक जुन्या बाईला ठाऊक होतं. आम्ही सगळ्यांनी मिळून अर्जात लिहिलं की ठसका मिरचीचा असतो, आणि मग आमचंच लिहिणं खरं मानून बसलो.

पाचव्या दिवशी ती ओट्याची पायरी चढताना मध्येच बसली. तेव्हा मी तिला दवाखान्यात नेलं. बोटाला यंत्र लावलं. नर्सने आकडा पाहिला आणि मला म्हणाली, “ताई, इतके दिवस काय केलं?” रागावून नव्हे, खरंच विचारत होती. मी म्हणाले, ती मिरचीवर काम करते. नर्सने मान हलवली. तिला ते पुरेसं वाटलं असावं. मला वाटलं नाही.

आत जाताना आईने तोंडाचं फडकं सोडून माझ्या हातात दिलं, कारण तिथे दुसरा मास्क देत होते. “धुई टाक,” म्हणाली. तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं तेवढंच झालं. दाखल केल्यापासून सहाव्या दिवशी सकाळी फोन आला. अंत्यविधीला मला लांब उभं राहायला सांगितलं, मी राहिले. घरी येऊन ते फडकं धुवायला घेतलं. पाण्यात पडताच त्यातली मिरची उठली आणि मला जोराचा ठसका लागला. शेजारच्या दोन खिडक्या लगेच बंद झाल्याचं मी ऐकलं.

त्यानंतर सगळं पुन्हा बंद झालं, पथाऱ्याही. हंगाम तसाही संपतच आला होता. पावसाळ्यात वाचनालय उघडलं तेव्हा टेबलावरचा वाद जिथे थांबला होता तिथून सुरू झाला. चूक कोणाची? सरकारची, लग्नांची, दुकानांची? एकदा कारकून म्हणाले, “त्या पथाऱ्या वेळेवर बंद केल्या असत्या तर—”

“तो अर्ज मी लिहिला होता,” मी म्हणाले. त्या टेबलाशी मी पहिल्यांदाच काही बोलले असेन. “पहिली सही माझ्या आईची होती. ती गेली.”

कारकुनांनी हातातला पेपर खाली ठेवला. मग ते म्हणाले, “बैठकीत मी होतो. ऐकला होता तो अर्ज. मलाही पटला होता.” दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तो विषय काढला नाही. मला वाटलं होतं की असं कोणी म्हटलं तर हलकं वाटेल.

पुढच्या हंगामात, थंडीत, आकडा पुन्हा चढला. पुन्हा बंदची चर्चा सुरू झाली, आणि एका संध्याकाळी बाया पुन्हा आमच्या ओट्यावर आल्या. मावशी आली, पण बसली नाही. तिच्या मागच्या एका बाईने विषय काढला.

“ताई, मागला अर्ज व्हता ना, तोच लिखी दे. ती ठसकानी गोट टाक. तिनाच गुण उना व्हता.”

मी म्हणाले, अर्ज लिहिते, पण ते वाक्य लिहिणार नाही.

“आन् पथारी बंद व्हयनी तं आमी काय खासूत?”

“बंद करा असं मी लिहिणार नाही. पण ते वाक्य खोटं आहे.”

“खोटं कसं? ठसका तं मिरचीनाच शे.”

“नवीना,” मावशी म्हणाली. तेव्हा ती खाली बसली. “नवीना मिरचीना. जुनीले मिरची काय करी?”

एक बाई हळूच म्हणाली, “मंग हाईच लिख ना.”

मी कागद गुडघ्यावर घेतला. पथाऱ्या चालू राहाव्यात, अशी विनंती आधी लिहिली. मग लिहिलं: ‘नवीन बाईस ठसका लागल्यास तिला दोन दिवस घरी राहू द्यावे. जी बाई या कामात जुनी आहे, आणि तरी तिला ठसका लागतो, तिला त्याच दिवशी तपासणीस न्यावे, व ती कामावर नाही म्हणून तिचे काम दुसरीस देऊ नये.’ वाक्य लांबलं. मनासारखं झालं नाही. मी ते तसंच राहू दिलं.

वाचून दाखवल्यावर मावशीने ते पुन्हा वाचायला लावलं. दोन्ही वेळा ती कान देऊन ऐकत होती.

“जुनी म्हंजे किती वरीसनी?” तिने विचारलं. “ते लिख. नही तं ते त्यास्ना मननं धरतीन.”

मी विचारलं, किती लिहू?

“तुन्ही माय किती वरीसनी व्हती?”

“सत्तावीस.”

“इतलं नको,” मावशी म्हणाली. “एक हंगाम लिख. एक हंगाम बशी तं ती जुनी.”

मी एक हंगाम लिहिलं. मावशीला सही येत नाही. तिने अंगठा शाईवर टेकवला आणि कागदावर पहिल्या जागी उमटवला.