लाल काठ

बायको गेली, त्यानंतर तिचा हसरा फोटो एकच उरला, तोही कागदावर नाही. पोरीच्या लग्नाआधी आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या कम्प्युटरवाल्यानं तो मशीनमधून काढून सीडीत टाकून दिला होता. कागद पुढे वाळवीनं खाल्ला. वर्षश्राद्धाला फ्रेम लावायची, म्हणून नात सीडी घेऊन बसली.

फोटो उघडला. जवळून नुसते ठिपके, लांबून ती. पण साडीचा काठ लाल.

"काठ वांगी रंगाचा होता," मी म्हटलं. "बदल."

नातीला मराठी समजते, बोलते हिंदी. "ये पुरानी बीएमपी फाइल है, आजोबा. इसमें सोलह ही रंग हैं."

तिनं समजावलं ते असं. फाइलीच्या तोंडाशी रंगांची डबी असते, सोळा खणांची. हर खणाले नंबर. पुढे चित्र नाहीच, नुसते नंबर, या ठिपक्याले कोणता खण अन् त्याले कोणता. ओळीही खालून वर. पहिले पाय, डोकं शेवटी. जन्मभर मिस्त्रीकाम केलं, त्यामुळे हे मले लगेच पटलं. भिंत खालूनच चढते. आता वांगी रंग डबीत नव्हता, तर मशीननं जवळचा म्हणून लाल देऊन टाकला.

"लाल वाले खाने में बैंगनी भर दूँ?"

"भर."

सारा काठ वांगी झाला. अन् कपाळावरचं कुंकूही. त्याचा नंबर तोच होता. मार लागल्यावानी दिसून राहिलं. सवाष्ण गेली ती. शेवटचं कुंकू मीच लावलं होतं.

"लाल कर परत."

तिनं केलं. "बड़ी फाइल बना दूँ तो हर बिंदु का रंग अलग हो जाएगा. काठ बैंगनी, कुंकू लाल."

हो म्हणणार होतो, तर ही साडी घेतली ते दुकान आठवलं. तिनं लाल काठाची मांडीवर घेऊन ठेवली होती. मी म्हटलं, वांगी घे, मळखाऊ आहे. "तुम्हाले साडी नाही, पोतं पाहिजे," ती म्हणाली. पण घेतली. फाटेपर्यंत नेसली, अन् नेसताना हर खेपेला म्हणायची, "आणा तुमचं पोतं."

"राहू दे," मी नातीला म्हटलं. "लालच बरा."

"पर आप ही तो बोल रहे थे."

"दुकानातही मीच बोललो होतो. आता तिचं चालू दे."