विमलकाकूंची हेराल्ड

लग्नकार्याला जातानाही विमलकाकूंच्या पर्समध्ये फुटक्या धातूचा एक तुकडा असायचा. रुमालात गुंडाळलेला, मूठभर आकाराचा, तेलकट. पंगतीत शेजारी कुणी वयस्क गृहस्थ बसले की जिलबी वाढून येण्याआधीच काकू रुमाल सोडायच्या. "हे कुठं बघितलंय का हो तुम्ही?" मुलीकडचे लोक दचकायचे. एकदा एका भटजींनी तो तुकडा हातात घेऊन कपाळालाच लावला होता.

मी पुण्याहून नोकरीसाठी हैदराबादला आले आणि नल्लकुंट्यात काकूंच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहू लागले. माझं सामान अजून जिन्यातच होतं, तेव्हा त्यांनी तो तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"तू कंप्यूटरवाली ना? मग हे शोधून दे."

"पण काकू, हे आहे काय?"

"तुझ्या दत्तूकाकांचे पाय," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

दत्तूकाका म्हणजे त्यांचे यजमान. पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली. बोलणं राहिलं, तेही जरा जड. एकदा टॅक्सीत बसवायला दोघांनी त्यांना काखेत हात घालून उचललं. घरी आल्यावर ते एवढंच बोलले, "आता कुठं नक्को. मी पोतं नाही." पण अंगणात त्यांची जुनी हेराल्ड मोटार होती. दोनच दारं, दारं रुंद, सीट चाकाच्या खुर्चीच्या उंचीची. डाव्या हाताने दाराची चौकट धरून काका स्वतः सीटवर सरकायचे. काकू गाडी चालवायच्या. बरकतपुऱ्यात मित्राकडे बुद्धिबळ, मग आबिड्सला पुस्तकांच्या दुकानांपुढे एक चक्कर. एवढंच त्यांचं जग उरलं होतं, पण ते त्यांचं होतं.

मग एके सकाळी वळणावर गाडीचं पुढचं डावं चाक आडवं पडलं. चाक ज्यावर वळतं तो खालचा ठोकळा आतून झिजून फुटला होता. मेकॅनिक त्याला ट्रनियन म्हणायचा. तो म्हणाला, हा पुर्जा आता मिळत नाही, गाडी भंगारात द्या. त्यानंतर काका घराबाहेर पडलेच नाहीत.

"मिळत नाही म्हणू नक्को," हे काकूंचं ठरलेलं वाक्य. "कुठं कुठं मिळत नाही ते सांग. तेवढ्या जागा सोडून मी बघते."

सुटीच्या दिवशी मी स्कूटरवर त्यांना घेऊन गौलीगुड्याच्या जुन्या सुट्या भागांच्या गल्ल्या पालथ्या घालू लागले. तिथले रियाझभाई हात जोडून म्हणाले, "अम्मा, इस गाडी का सामान अब म्यूजियम में मिलता."

"कौनसे म्यूजियम में? पता बोलो," काकूंनी विचारलं. रियाझभाई हसले, काकू हसल्या नाहीत. दर फेरीला त्यांच्या दुकानात जाऊन बसायच्या, चहा प्यायच्या आणि पुन्हा विचारायच्या.

शेवटी मला परदेशातल्या एका संकेतस्थळावर तो ठोकळा सापडला. महिनाभर वाट पाहिल्यावर खोकं आलं. काकूंनी हळदीकुंकू वाहून ते उघडलं. मेकॅनिकने ठोकळा फिरवून पाहिला आणि मान हलवली. हा उजव्या चाकाचा होता. त्याचे आतले आटे सुलटे, डाव्याला उलटे लागतात. विक्रेत्याने चुकून पाठवला होता, आणि डावा त्याच्याकडे शिल्लक नव्हता. मला रडू आलं.

काकूंनी ठोकळा पदराने पुसला. "रडायलीस कशाला? नमुना तर कोरा करकरीत मिळाला की. आता उलटा करून घेऊ."

रियाझभाईंनी त्याच गल्लीतल्या लेथवाल्या नरसय्यांकडे पाठवलं. नरसय्या म्हणाले, उलटे आटे पाडीन, पण दोन गोष्टी आणा. एक, चांगलं गनमेटल. बाजारातलं पितळ टिकणार नाही. दुसरं, मापांसकट नक्शा. धातूसाठी काकू भंगारवाल्यांकडे फिरल्या आणि बंद पडलेल्या कुठल्याशा गिरणीचं गनमेटलचं जाडजूड बेअरिंग मिळवून आल्या. स्कूटरवर ते मांडीवर घेऊन बसल्या होत्या, पाळण्यातून उचललेल्या बाळासारखं.

नक्शा मात्र मी ओळखीच्या इंजिनिअरकडून काढून घेणार होते. काकू म्हणाल्या, "घरात माणूस असताना बाहेर कशाला?" त्यांनी काकांच्या खुर्चीच्या हातांवर आडवा पाट ठेवला, त्यावर कागद, पेन्सिल, मापाचा चिमटा आणि तो ठोकळा.

काकांनी तोंड फिरवलं. "माझा हात कुठाय, विमल?"

"उजवा गेलाय. डाव्याला काय झालंय?"

"रेघ सरळ येणार नाही."

"नक्को येऊ दे. आकडे तर सरळ येतील?"

आणि त्या आत निघून गेल्या. मला दिसत होत्या. स्वयंपाकघरात गॅस न पेटवता उभ्या होत्या. बऱ्याच वेळाने बाहेर पेन्सिलचा आवाज आला.

त्या रेघा खरंच थरथरत्या होत्या. नरसय्यांनी कागद उजेडात धरला, मापं वाचली आणि लेथ सुरू केली. पहिला ठोकळा गाडीला बसवताना अर्ध्यातच अडकला. मेकॅनिकने तो घरी आणून दाखवला तेव्हा काकांनी पुन्हा मापं घेतली. "चूक माझी, फार घट्ट दिलं," ते म्हणाले. इतक्या आनंदाने चूक कबूल करणारा माणूस मी पाहिला नव्हता. त्यांनी नवा कागद मागितला. दुसरा ठोकळा आट्यांवर फिरत गेला आणि गुपचूप बसला.

गाडी निघाली त्या दिवशी काका दाराची चौकट धरून आत सरकले. काकू मुद्दाम रस्त्याकडे बघत उभ्या होत्या. "बरकतपुऱ्याला ना?" त्यांनी विचारलं.

"आधी गौलीगुड्याला," काका म्हणाले. "त्या नरसय्याने आटे कसे पाडले ते बघायचंय."

पुढे दोन वर्षं ती गाडी रोज फिरली. मग काकूंचंच हृदय थकलं. दवाखान्यात त्यांना भेटायला काकांना मी हेराल्डमधून न्यायची. तोवर काकूंनी मला तिचे गिअर शिकवले होते. काका दाराशी उतरायचे आणि खुर्चीचं चाक डाव्या हाताने फिरवत, जमिनीला डावा पाय रेटत, वॉर्डापर्यंत यायचे. मागून ढकलू द्यायचे नाहीत.

शेवटच्या दिवशी काकूंना बोलायला धाप लागत होती. नवीन नर्स आली होती, तेलुगू मुलगी. काका दारातून आत येत होते. काकूंनी तिचा हात धरून तिकडे बोट दाखवलं.

"मा आयना," त्या तेलुगूत म्हणाल्या, हे माझे मालक. आणि मग मराठीत, "स्वतः आलेत."