दादाची आठ गाड्यांची फेरी

माझा थोरला भाऊ गाड्यांचा वायरमन होता. त्याला नावाने कोणी हाक मारायचंच नाही, सगळे 'सावकाश' म्हणायचे. "जीपला जादा दिवे बसवायचेत? मग सावकाशकडे टाक, आणि चार दिवस गाडी विसर," असं लोक हसत सांगायचे. पण गाडी टाकायचे त्याच्याकडेच. कच्च्या रस्त्यावर, धुक्यात, पुढचा खड्डा ज्याला दिसायला हवा, तो दुसरीकडे जायचा नाही.

त्याचं दुकान म्हणजे पत्र्याची एक शेड. मागच्या भिंतीला जाडीप्रमाणे लावलेली वायरची भेंडोळी. मी डबा घेऊन गेले की हा आपला बॉनेटमध्ये कंबरेपर्यंत वाकलेला. बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज, मग स्विच दाबला की दिव्यांना वीज सोडणारा रिले, मग दिवे. अर्थिंगची वायर लावायच्या आधी पत्र्यावरचा रंग खरवडून लखलखीत करायचा. आणि सगळं झालं की मालकाला समोर उभं करून मुद्दाम वायर पत्र्याला टेकवायचा आणि फ्यूज उडवून दाखवायचा. "बघितलंत? आता न्या गाडी." चांगला फ्यूज जाळायची ही काय हौस, म्हणून मी करवादायचे. तो नुसता हसायचा. ते हसू आजही डोळ्यांपुढे आलं की जीव तुटतो.

आमचे हे जीप चालवायचे. डोंगरातल्या खाणीवर माणसं नेऊन सोडायची. त्यांच्याही गाडीला दादानेच पुढच्या बंपरवर दोन मोठे दिवे बसवले. महिनाभर छान चाललं. मग फ्यूज उडायला लागला. एकदा, दोनदा, तीनदा. आमच्या ह्यांना कुठला धीर! चौथ्यांदा त्यांनी फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळून घातली आणि वर मलाच ऐकवलं, "तुझ्या भावापेक्षा मीच बरा मिस्त्री."

आठवड्याच्या आतच, सकाळच्या धुक्यात, चढावर, बॉनेटमधून धूर आला. रिले तापून आतून चिकटला होता, स्विच बंद केला तरी धूर थांबेना. गाडीत सहा माणसं. ह्यांनी तापलेली वायर हातानेच बॅटरीवरून उपसून काढली. माणसं वाचली, पण ह्यांचा उजवा तळवा पार भाजला.

गाडी ओढून दुकानात आणली. दादाने ती तार पाहिली मात्र, त्याचा पारा चढला. सगळ्यांसमोर ह्यांचा पाणउतारा केला. "दाजी, फ्यूज उडत होता तो तुमच्याशी वैर म्हणून नव्हे! सहा माणसं घेऊन चालला होतात तुम्ही!" बँडेज बांधलेला हात छातीशी धरून हे मान खाली घालून घरी निघून गेले. मी तिथेच थांबले, कारण मलाही दादाला चार शब्द सुनावायचे होते.

दादा वायर चाचपत पुढच्या पत्र्यापर्यंत गेला आणि थांबला. तिथे वायर भोकातून बाहेर येते. भोकाला रबरी रिंग हवी, नाहीतर हादऱ्यांनी पत्र्याची धार वायर कापते. रिंग नव्हतीच. वायर कापली गेली होती, म्हणून तर फ्यूज उडत होता. दादाने चष्मा पुसला, पुन्हा बोट फिरवलं. मग माझा हात धरून त्या भोकावर ठेवला. "आहे का गं रिंग? मला नीट दिसत नाही हल्ली."

वर्षभर त्याने हे लपवलं होतं. शेडमध्ये आम्ही दोघंच होतो. मी हळूच म्हणाले, "दादा, गुपचूप रिंग बसव आणि गप्प बस. तार तर ह्यांनीच घातली होती ना? कोणाला कळतंय?"

त्याने हात धुतले, चपला घातल्या आणि थेट आमच्या घरी. ह्यांच्यासमोर उभा राहून म्हणाला, "दाजी, रिंग बसवायची मी विसरलो. हात माझ्यामुळे भाजला तुमचा." हे गडबडून उठले. "अहो दादा, तार मी घातली होती." "ती घातलीत हे चुकलंच. पण सुरुवात माझी आहे."

दुसऱ्या दिवसापासून त्याने मला सोबत घेतलं. त्या वर्षात दिवे बसवलेल्या आठ गाड्या त्याला तोंडपाठ होत्या. प्रत्येकाच्या दारात जाऊन हा सांगायचा, "माझी चूक झाली असेल, बॉनेट उघडा." कोणी हसले, कोणी वैतागले. गुरांचे डॉक्टर म्हणाले, "अहो, चाललंय की मस्त!" "चाललंय तोवरच बघू द्या," दादा म्हणाला. मी टॉर्च घेऊन वाकायचे, तो विचारायचा, मी सांगायचे. डॉक्टरांच्याच गाडीत वायर अर्धी कापलेली निघाली. त्याने सांगितलं तशी रिंग मी बसवली. आठवी गाडी झाली त्या दिवशी त्याने दुकान बंद केलं, कायमचं.

त्यानंतर तो बारा वर्षं जगला. आमच्याकडे यायचा, ह्यांच्याशी तासन्‌तास गाड्यांवर बोलायचा. पण त्या दिवशी शेडमध्ये मी त्याला काय सुचवलं होतं, ते त्याने ह्यांना कधीच सांगितलं नाही. मलाही कधी बोलून दाखवलं नाही. तो गेल्यावर ह्यांना मीच सांगितलं.