काढ्याची पळी

दक्षिणेचं दमट वारं परतलं की चीनमधल्या शुंदे गावात भिंतींना घाम फुटतो. त्या सकाळीही फरशी निसरडी झाली होती, दोरीवरचे कपडे अजून ओलेच होते आणि काढ्याच्या दुकानातल्या मोठ्या भांड्यात कडू काढा रटरटत होता. फोंगकाकूनं पळीवर फुंकर मारली, घोट घेतला, डोळे मिटले. काही कळेना. जीभ सुजून दातांत रुतत होती, टोकाला निखारा ठेवल्यासारखी जळत होती. अंदाजानंच तिनं आणखी मूठभर पाला आत टाकला.

"काकू, काल तुमचा काढा पिऊन घरी गेलो," मासेवाला हँग दारातूनच ओरडला, "तर बायको म्हणते, असं थोबाड का केलंय? सासूनं मुका घेतला की काय?"

गिऱ्हाइकं हसली. सून वाय-यिंग हळूच म्हणाली, "आई, चव मी बघत जाऊ का?"

"का गं? माझी जीभ काय गळून पडली?"

या दुकानात जिची जीभ खरी, तिच्या हातात पळी. सासूची जीभ थकली तेव्हा काकूनंच तिच्या हातातून पळी ओढून घेतली होती. भर दुकानात, गिऱ्हाइकांदेखत. म्हातारी त्यानंतर पुढच्या खोलीत कधी बसली नाही. आता आपली पाळी आली, हे काकूला दिसत होतं.

जीभ म्हणजे काळजाचा कोंभ. कोंभ लाल झाला की काळजात आग, आणि आगीवर कडू, थंड काढा. शुंदेतलं शेंबडं पोरही हे सांगेल. नवरा वारल्यापासून काकू आपलाच काढा दुपटीनं पीत होती. जीभ मात्र रोज जास्तच पेटत होती. शेवटी पळी सुटू नये म्हणून ती लो वैद्यांकडे गेली.

वैद्यांनी नाडी पाहिली, जीभ बाहेर काढायला लावली आणि कपाळावर हात मारला.

"काय पिताय?"

"आपलाच काढा. जास्तीचा."

"अहो, जिभेवर पांढरा थर म्हणून उरला नाही! नुसती सोललीय. भडकलेली आग वेगळी, ही पाणी आटलेल्या पातेल्याची आग. पातेलं करपतंय, आणि तुम्ही वरून कडू ओतून उरलीसुरली ओलही घालवलीत. झोप लागते का?"

"मालक अंथरुणाला खिळले तेव्हापासून नाही."

"मग आटणारच. नासपती खा, बदकाचं सूप घ्या, गोड प्या. कडवट थेंब नको. चवीपुरतासुद्धा नको."

"किती दिवस?"

"ओल परत येईपर्यंत. या वयात येईलच, असं मी सांगणार नाही."

काकू उठली नाही. "मालकांची जीभ शेवटी अशीच होती," ती म्हणाली. "लाल. चकचकीत."

"तुम्ही काय देत होतात?"

काकू आपल्याच तळव्यांकडे बघत राहिली. मालक रताळ्याचं गोड पाणी मागायचे, तोंड फिरवायचे. ती नाक दाबून काढा ओतायची. वर म्हणायची, लहान पोरासारखं करू नका, गोड मागतेय ती आगच. वैद्यांनी कागद पुढं ओढला आणि ते मान खाली घालून औषध लिहीत बसले. 'जे झालं ते झालं' एवढंसुद्धा म्हणाले नाहीत.

ती परतली तेव्हा दुकानात गर्दी होती. कुणी बघतंय का, हेही न पाहता तिनं पळी सुनेपुढं धरली.

"घे. चव बघ."

वाय-यिंगनं घोट घेतला आणि तिचं तोंड वेडंवाकडं झालं. "आई, विष झालंय नुसतं."

"ओतून दे."

"सगळा?"

"सगळा. नवा चढव."

सुनेनं आवाज खाली आणला. "वैद्य काय म्हणाले?"

"नासपती खा म्हणाले."

"बस्स? एवढंच?"

"एवढंच."

"अरे वा, राज्य बदललं का?" हँगनं डोकं आत घातलं.

"तू आपले शिळे मासे सांभाळ, मेल्या," काकू म्हणाली. जीभ अडखळली, म्हणून शिवी अर्धवटच निघाली. मग तिनं मागच्या खोलीतून पाल्याची जुडी आणली, पुढच्याच खोलीत बुटक्या स्टुलावर बसली आणि एकेक काडी मोडून पानं सुपात टाकायला लागली.